ओढ्याकडच्या दोन वाटा

आयुष्यभर झाडं पाडली, तरी माझे दोन्ही पाय शाबूत आहेत. कारण चेनसॉ सुरू करण्याआधी मी पळवाट काढतो. झाड जिकडे पाडायचं त्याच्या उलट्या अंगाला, तिरकी. खोड कडाडलं की त्या वाटेनं सुटायचं.

त्या सकाळी झाड ओढ्याकडे पाडायचं होतं. मेहुण्यानं आणि मी मागची झुडपं छाटून दोन वाटा केल्या. मग खाच कुठे घ्यायची ते बघायला ओढ्याच्या बाजूला गेलो, तर तिथंही दोन वाटा! ताज्या. छाटलेल्या फांद्यांतून अजून चीक गळत होता.

म्हणजे हेच झाड कुणीतरी आमच्या बाजूला पाडणार होतं.

"काय रे, दाजीची फिरकी घेतोस?"

"आईशप्पथ नाही, दाजी! थापा तुमच्याकडे, माझ्याकडे नाहीत."

खरं होतं ते. तरी मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. ओल्या मातीत आमच्याखेरीज पाऊल एकही उमटलेलं नव्हतं.

"चला, आज नकोच," तो म्हणाला.

मशीन उचलायला आम्ही मागे आलो. मी खोडाला हात टेकला. पलीकडून कुणी कापत असावं तसं ते थरथरत होतं. मग थरथर थांबली.

शेवटचा काप घेण्याआधी आम्ही हाक देतो. जोडीदाराकडून 'झालो' आल्याशिवाय पाडत नाही.

ओढ्याकडून हाक आली, "झालात का बाजूला?"

आणि माझ्या शेजारी उभा असलेला मेहुणा, बारा वर्षांच्या सवयीनं, ओरडला, "झालो!"