पद्माबाईचा हात

जानेवारीच्या थंडीत, सूर्य उगवायला जळबानं सायकलवर टांग टाकली. मावळेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं त्याचा पुतण्या धम्मानंद यानं भोंग्यावरून अख्ख्या पुसेगावला सांगून टाकलं. गावाला हे नवं नव्हतं. जवानीत हाच जळबा शाळेमागच्या या मैदानात पाच-पाच दिवस सायकलवरून उतरायचा नाही. जेवण, अंघोळ, दाढी, सगळं चालत्या सायकलवर. पण गेल्या साली औरंगाबादला त्याच्या गालातली कॅन्सरची गाठ काढली, वर रेडिएशनचे शेक दिले. आता पँट कमरेला सुतळीनं बांधावी लागत होती.

"डॉक्टरनंच सायकल चालवा म्हणून सांगितलं," असं म्हणत तो हटून बसला होता. दिवसभर चालवा असं काही डॉक्टर म्हणाला नव्हता, पण तेवढं जळबाला ऐकूच आलं नव्हतं.

मग त्याच्या बायकोनं, पद्माबाईनं, अट घातली. "मी समोर बसून राहीन. तुमाला झेपून न्हाई राहिलं असं दिसलं, तर हात वर करीन. हात दिसला की निमूट उतरायचं." सगळ्यांसमोर तो व्हय म्हणाला. या खेळात आपणहून उतरला तो हरला. घरच्यांनी उतरवलं तर माणसाचा मान राहतो.

सकाळ मजेत गेली. जळबानं हँडल सोडून दाखवलं. धम्मानंदनं धावत दिलेलं पेजेचं फुलपात्र चालता चालता रिकामं केलं. इकडं लिंबाखाली पोत्यावर बसलेल्या पद्माबाईला मात्र लवकरच कळून चुकलं, की आपण स्वतःलाच बांधून घेतलंय. नाकावर माशी बसली, हात वर जाईल म्हणून हाकलायची सोय नाही. पदर घसरला, तो शेजारच्या जनकाबाईनं सारखा केला. म्हातारे भिवाजी जय भीम म्हणत आले, तर तिनं हात न जोडता नुसत्या तोंडानं जय भीम घातला.

"सूनबाईचा हात मोडला का काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मोडला न्हाई मामा, ठेवून दिलाय," जनकाबाई म्हणाली.

दुपार कलली आणि जळबाचे पाय गेले. मांड्या भरून आल्या. शेक दिल्यापासून तोंडाला लाळ सुटत नव्हती, घशात नुसता भुसा. खरं सांगायचं तर त्याला उतरायचं होतं. पण उतरणार कसा? भोंगा त्याच्याच नावानं बोंबलत होता. आता आशा एकच, पद्माबाई. लिंबापाशी आला की तो तिच्याकडं बघायचा, डोळ्यांनी विनवायचा. कर की बाई हात वर. वरीसभर माझ्या घासाघासावर नजर ठेवलीस, आता काहून अशी ढिम्म बसलीस?

पद्माबाईला ती नजर दिसली, पण तिनं वाचली वेगळीच. तिला वाटलं, माणूस भिऊन राहिलाय. बायको आता हात वर करील आणि आपला खेळ मोडील, म्हणून दर फेरीला बघतोय. तिचा जीव कासावीस झाला. वर्षभर तिनंच त्याला अडवलं होतं. हे खाऊ नका, उन्हात जाऊ नका, ओझं उचलू नका. एवढ्या मोठ्या माणसाचं लेकरू करून ठेवलं. आज पहिल्यांदा तो काही मागत होता, आणि मागत होता काय, तर मला अडवू नको.

"पद्मे, त्याचं तोंड बघ. कर बाई हात वर," जनकाबाई कुजबुजली.

"न्हाई."

"पडंल तो."

"पडू दे. उचलायला मी हाय ना."

असं म्हणून तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. पुढच्या फेरीला जळबानं बघितलं, तर बायकोचे हातच दिसेनात. मग त्याला इलाज राहिला नाही. तो मनातल्या मनात शिव्या घालत चालवत राहिला. आधी तिला, मग धम्मानंदला, मग सायकलला. शिव्या संपल्या तेव्हा उन्हं उतरली होती.

सूर्य बुडाला. जळबानं पाय टेकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चौघांनी त्याला धरून लिंबाखाली आणलं. पद्माबाईनं पेजेचं फुलपात्र पुढं केलं. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पेज हिंदकळत होती.

जळबा भांडायच्या तयारीनंच बोलला. "हात काहून न्हाई केला वर?"

"कसा करू?" ती म्हणाली. "तुमी कसं बघून राहिले व्हते, मला दिसत व्हतं ना. दर फेरीला जीव मुठीत धरून, की आता ही उतरवते का काय. कितींदा हात उठत व्हता माझा, दाबून धरला. म्हणलं, लई अडवलं या माणसाला. आज न्हाई अडवायचं."

आणि ती हसली. दवाखान्याचं सुरू झाल्यापासून तिचं हे हसणं जळबानं पाहिलं नव्हतं. तो बघतच राहिला. ओठांवर आलेलं सगळं त्यानं पेजेबरोबर गिळून टाकलं.

"व्हय," तो म्हणाला. "तेच भेव व्हतं मला."

धम्मानंद जवळ येऊन वाकला. "काका, सेनगावचे पोरं विचारून राहिले, तिकडंबी एक दिवस चालवता का म्हणून. तुमच्या पायाचे हाल बघून मी न्हाई म्हणून सांगतो त्यायला."

पद्माबाई नवऱ्याकडं बघत राहिली.

"थांब," जळबा म्हणाला. "कोणत्या तारखेला म्हणले ते?"