पहिला थेंब

गोसीखुर्द धरणात गाव बुडालं, तेव्हा गोदावरीबाईचं बांधावरचं मोहाचं झाडही पाण्याखाली गेलं. त्याच्या शेवटच्या बिया लेकीनं, प्रतिक्षानं, आपल्या प्रयोगशाळेत नेल्या. बियांत तेल घडवणारी जनुकं बुरशीत रुजवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आज पुनर्वसनातल्या अंगणात तिनं आईपुढं दोन बाटल्या ठेवल्या. एकीत कापसासारखी बुरशी, दुसरीत थंडीनं लोण्यासारखं गोठलेलं तेल. आईनं ते भेगाळल्या टाचेवर चोळलं आणि हात तसाच थांबला. "हे त आपल्याच मोहाचं तेल होय वं! झाड त बुडालं, मंग केलं कोनं?" "या बुरशीनं, माय." गोदावरीबाईनं बुरशीची बाटली जवळ ओढली. नव्या तेलाचा पहिला थेंब मोहाच्या बुडाशी वाहायची तिची जुनी रीत. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तो थेंब बाटलीपुढं वाहिला. बुरशीला आजवर सॅम्पल म्हणणाऱ्या प्रतिक्षानं नकळत चपला काढल्या.