उष्टी रोटी

निर्मनुष्य मालवाहू यान अवकाशस्थानकाला जोडलं गेलं. झडप उघडताच सफरचंदांचा वास आला. "ऐदोस, घरून घोड्याचं मांस आलं असलं, तर मोठा वाटा माझा, कप्तानाचा!" ग्लेब ओरडला. "आईनं माझ्यासाठी पाठवलंय. तुम्ही वास घ्या, दादा!" ऐदोसनं हसत घरून आलेलं गाठोडं सोडलं. आत वाळलेली रोटी, एका कडेनं खाल्लेली. "उंदीर लागला की काय?" "माझेच दात. आमच्या कझाकांत घर सोडताना रोटीचा घास घेतात. उरलेली आई भिंतीवर टांगते. परतल्यावर मीच संपवायची. आई जिवंत असताना रोटीला कुणी हात लावणार नाही..." ऐदोस थबकला. ग्लेबनं नजर चुकवली. "दादा, कधी गेली?" "महिना झाला. तू पृथ्वीवर उतरेपर्यंत गप्प राहायचा हुकूम होता, मला आणि तुझ्या घरच्यांनाही." ऐदोसच्या मुठीत रोटी मोडली. चुरा केबिनभर तरंगत पसरला. ग्लेब एकेक कण ओंजळीत पकडू लागला.