हाताचं वळण

झोपपाळीचं काम सुनंदाला सुखाचं वाटायचं. संध्याकाळी कानामागे चकती लावली, की मन गाढ झोपायचं आणि शरीर रात्रभर इस्पितळात राबायचं. सकाळी जाग यायची ती घरीच. रात्री काय केलं, ते कधीच आठवायचं नाही.

आज ती सायलीला शाळेसाठी तयार करत होती. वेण्या घालायच्या होत्या. पोर पाय पसरून समोर बसली होती.

"साथ ओसरली म्हणे, आई," रिबीन उलगडत सुनंदा सासूबाईंना म्हणाली. "म्हणून तर शाळा उघडल्या."

"अगं सुनंदा, हे काय करतेस!" सासूबाई किंचाळल्या.

तिने खाली पाहिलं. बोलता बोलता तिच्या हातांनी सायलीच्या पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधले होते. मढ्याचे बांधतात तसे.

"आई, गुदगुल्या होतात!" सायली खिदळली.

सासूबाईंनी रिबीन ओरबाडून काढली. सुनंदा आपल्या हातांकडे बघत राहिली. गाठ पहिल्याच फेऱ्यात नेमकी बसली होती. तिच्या हातांना एवढ्याशाच अंगठ्यांची सवय होती.

दारात शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला.