धुतलेलं पातं

खोटं लिहिलंत तुम्ही, साहेब. दोनच ओळी लिहायच्या होत्या, त्याही धड लिहिता आल्या नाहीत. 'करवतीचे पाते स्वच्छ व सुस्थितीत आढळले. अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे.' खाली कारखाना-निरीक्षक म्हणून तुमची सही, सहीवर गोल शिक्का. चालक म्हणजे मावजी. सोळा वर्षं त्या करवतीवर उभा राहिला आणि मरेपर्यंत दहाही बोटं शाबूत होती त्याची. गांधीधामच्या लाकडाच्या बखारींत असा दुसरा सुतार दाखवा.

तो कागद घेऊन मावजीची बायको पुरबाई भर दुपारी बखारीत आली आणि धार लावायच्या पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत खेतशी होता, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. चौदा वर्षांत ती या जेठाशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची, नाहीतर चुलीला, आणि तो ऐकायचा.

खेतशी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलेलं गोल पातं पितळी ब्रशनं घासत होता. पाईनच्या लाकडाचा चीक वाईट. तापलेल्या दातांवर बसतो, वाळतो, काकवीसारखा काळा होतो. मग पातं कापत नाही, नुसतं रेटतं. लाकूड अडकतं, आणि अडकलेलं लाकूड चालवणाऱ्याच्या अंगावर उलटं येतं. म्हणून सुतार अवस पाळतात. रोजचं पुसणं वरवरचं. खरं धुणं अवसेला. करवती बंद, पाती खाली, सोडा, धार, तेल, कुंकू, नारळ. देवाच्या नावावर वाडवडलांनी माणसंच जपली होती.

बखारीच्या शेठनं लागोपाठ तीन अवसा मोडल्या. कंडल्याला लाकडाची जहाजं लागली होती. देव काय पळून जातो का, म्हणाला, पात्यावर रॉकेल मारा आणि चालवा. मावजी म्हणाला होता, देवाचं राहू द्या शेठ, पण पातं ओरडतंय. मग तू कानांत बोळे घाल, शेठ म्हणाला. सगळे हसले. मावजीही हसला. पुढच्या आठवड्यात फळी उलटी आली, त्याच्या बरगड्यांखाली बसली, आणि तो पुढं कोसळला तो करवतीवरच.

पुरबाई दाराच्या पत्र्याकडे तोंड करून बोलू लागली. तिनं पत्र्याला सांगितलं की बखारीतली माणसं म्हणतात, पातं इतकं काळं झालं होतं की दात मोजता येत नव्हते. कागद म्हणतो, स्वच्छ होतं. घरी पोरगी विचारते, बापू निष्काळजी होते का. दोघांतलं एक कुणीतरी खोटं आहे. ते कोण, एवढंच पत्र्यानं सांगावं.

ब्रश थांबला.

मावजी जागीच गेला होता. पोलीस आले, शेठच्या हापिसात चहा पिऊन मावजीला टेम्पोत घालून घेऊन गेले. माणसं मागोमाग गेली. खेतशी एकटा मागं राहिला. रक्त लागलेलं हत्यार दिवस मावळायच्या आत धुवायचं, हे त्याला बापानं शिकवलेलं. आणि सख्ख्या भावाचं रक्त परक्या हाताला कसं धुऊ द्यायचं? त्यानं पातं उतरवलं. रडत रडत घासलं. रक्त पहिल्याच पाण्यात गेलं. चिकाला तीन पाणी लागली. एकेक दात उजळला तेव्हा त्यानं तेल लावलं, कुंकू लावलं, आणि पातं होतं तिथं चढवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. कोण ठेवतं हो हे इतकं छान, म्हणाले. शेठनं खेतशीच्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी छान म्हटलं नव्हतं. सुतकातल्या माणसाचे हात आपोआप जोडले गेले.

"मी धुतलं," खेतशी म्हणाला.

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. साहेब यायच्या आधी."

मग त्याच्या ध्यानात आलं की हा 'कधी' पत्र्याला विचारलेला नव्हता. पुरबाईनं पदर मागं टाकला होता. त्यानं मान खाली घातली. ती आत आली आणि घमेल्यापाशी, त्याच्यासमोर, जमिनीवर बसली.

"धुताना दिसलं असेल तुम्हाला."

दिसणार नाही कसं. डोळे मिटून घासलं तरी त्या हातांना कळलं असतं. तो काहीबाही बोलू लागला. की तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. की शेठ उद्या काढून टाकेल, घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत. की साहेबांचा शिक्का बसला, आता सुताराचं कोण ऐकतं.

"ते पाणी मी गटारात ओतलं, बाई," शेवटी तो म्हणाला. "आता दाखवू काय?"

पुरबाईनं ओट्यावरची चपटी पेन्सिल घेतली. साहेबांचा कागद गुडघ्यावर उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"मला लिहिता येतं," ती म्हणाली. "खाली सही तुमची लागेल."

तिनं वर 'मावजी' लिहिलं आणि पेन्सिल टेकवून ठेवली.

"पात्यावर चीक किती जाड होता, जेठजी? नखाएवढा, की बोटाएवढा? सांगा."