पोकरची विद्या विकायची नसते

"दादा, फी लावा," भागूनं मंचरच्या सायबर कॅफेतून ऑनलाइन पोकर शिकवणाऱ्या कम्युनिटीवर लिहिलं. "तुमी सांगता तसंच खेळतो, तरी हरतो. मोटरसायकल गेली. आता बायकोचं डोरलं तेवढं ऱ्हायलंय. फुकटच्या औषधाला गुण येत न्हाई, तसं झालंय राव."

लोणी, कळंब, ओझर. सगळीकडून होकार आले. हरणाऱ्यांची एवढी एकी तालुक्यांनी कधी पाहिली नव्हती.

कम्युनिटी चालवणाऱ्या रामदासनं जुन्नरहून उत्तर टाकलं, "विद्या विकणारा मी न्हाई. परत पैशाचं नाव काढलं तर कम्युनिटी बंद करीन."

खाली 'देवमाणूस', 'देवमाणूस' अशी रांग लागली. भागूचे डोळे भरून आले. पुन्हा एकदा खेळायचं ठरवून तो डोरलं आणायला घरी निघाला.

"येड लागलंय का तुमाला?" रामदासची बायको मोहिनी म्हणाली. "लोक आपणहून पैसे देत व्हते की!"



"फी लावली तर निम्मे पळतील," रामदास म्हणाला, "मग मी दुसऱ्या नावानं टेबलावर बसून हरवू कुणाला?"