बाळंतिणीची खोली

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दौलत गवंड्याने लेकीची खोली खाणीच्या गाळाच्या विटांनी दुहेरी बांधली, फटीन् फट लिंपली. सव्वा महिना मायलेकी तिथेच होत्या.

आज नर्सबाईंनी नातीच्या मनगटावरची पट्टी पाहिली. जन्मताच सगळ्यांना बांधतात ती. जन्मभरात सोसेल तेवढं विष अंगात गेलं, की काळी पडते. ती काळीठिक्कर होती.

"पट्टीच खराब निघाली असेल, बाई."

"नाही हो, काका. या विटांतल्या खाणीच्या गाळातून विषारी वायू झिरपतो. उघड्यावर उडून जातो, कोंडला की साचतो. अंगणात निजवली असती, तरी एवढं विष भिनलं नसतं."

बाहेर वारा सुटला. नात शिंकली, तसं दौलतने सवयीने दार लोटलं, आणि कडीवरचा स्वतःचा हात बघत राहिला.